कागदावरची तारीख

काम अगदी वेळेवर चाललंय हे कळून एखाद्याच्या तोंडचं पाणी पळालेलं कुणाला बघायचं असतं, तर त्याने शहाण्णव सालच्या सप्टेंबरात बहारीनमधल्या सित्र्याला यायला हवं होतं. तिथे एका पोर्टाकेबिनमध्ये एसी थंडगार वारा सोडत होता आणि त्याच्या बरोबर खाली बसून विलास मोघे कपाळावरचा घाम पुसत होता.

समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर तारीख होती, एकतीस डिसेंबर. मागच्या महिन्यातही तीच होती, त्याच्या मागच्या महिन्यातही तीच. विलासने आकडे तपासले, पुन्हा भरले, मशीन बंद करून चालू केलं. तारीख जागची हलायला तयार नव्हती.

"हे कसं शक्य आहे?" तो स्वतःशीच पुटपुटला.

आता गंमत अशी, की ही तारीख ठरवली होती त्यानेच. विलास त्या कामावर प्रॉजेक्ट कंट्रोल्स मॅनेजर होता. म्हणजे नेमकं काय, हे पुण्यातल्या सासऱ्यांना वर्षानुवर्षं सांगूनही कळलेलं नव्हतं. "म्हणजे तुम्ही बांधता काय?" असं ते दर सुट्टीत विचारत. विलास काहीच बांधत नसे. बांधायचे दुसरे. हा त्यांना सांगायचा की तुमचं किती झालं, किती राहिलं, कोण कोणासाठी खोळंबलंय आणि सगळं मिळून कधी संपेल. हजारो कामं एकमेकांत गुंतवून त्याचं भलंमोठं वेळापत्रक तयार करायचं, दर आठवड्याला ते ताजं करायचं आणि ज्यांचं मागे पडलं त्यांना भर मीटिंगमध्ये उघडं पाडायचं. साहजिकच साइटवर तो फारसा कुणाला आवडत नसे. पण त्याच्या आकड्याला कुणी हात लावत नसे, कारण तो खोटा आकडा देत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मालकाच्या बाजूने दबाव आला, स्वतःच्या कंपनीने गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, तरी विलासने आजवर तारीख फिरवलेली नव्हती. त्या एका गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

मात्र त्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाकडे असतात तशा त्याच्याकडेही तारखा दोन असत. एक कागदावरची. ती हिशेबाने काढलेली, सगळं नीट घडलं तर येणारी. आणि दुसरी पोटातली. सगळं नीट कधीच घडत नाही हे पोटाला माहीत असतं. जहाज उशिरा येतं, ड्रॉइंग चुकतं, उन्हाळ्यात माणसं दुपारी काम करू शकत नाहीत, कुणीतरी कुणाशी तरी भांडतं. जुबैलला, रुवैसला, जिथे जिथे विलासने काम केलं तिथे पोटातली तारीख खरी ठरली होती आणि कागदावरची भिंतीवर पिवळी पडली होती. वेळेवर संपलेलं मोठं काम त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

आणि या पोटातल्या तारखेच्या भरवशावर त्याने आपला संसार मांडला होता.

झालं होतं असं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तो आखातात एकटाच राहिला. कस्तुरी जन्मली तेव्हा तो जुबैलला, ती चालायला लागली तेव्हाही जुबैलला. ती त्याला ओळखायची ती फोनवरून. बहारीनच्या या कामावर मात्र त्याला पहिल्यांदा फॅमिली व्हिसा मिळाला. गुदैबियात छोटासा फ्लॅट, खाली मल्याळी माणसाचं दुकान, शाळेची बस दारात. हेमा आली, कस्तुरी आली, आणि विलास ऑफिसातून घरी येऊन चहा पिता पिता मुलीचं बीजगणित बघू लागला. इतकी साधी गोष्ट, पण त्यासाठी त्याला चाळिशी ओलांडावी लागली होती.

कस्तुरीचं दहावीचं वर्ष सुरू व्हायच्या आधी हेमाने सरळ प्रश्न टाकला होता. "काम डिसेंबरात संपणार म्हणतोस. काम संपलं की तुझा व्हिसा रद्द, तुझा रद्द झाला की आमचाही. परीक्षा मार्चमध्ये. मग तिला आत्ताच पुण्याला नेऊन शाळेत घालू का?"

विलास मनापासून हसला होता. "अगं, डिसेंबर कागदावर. पोटातली तारीख एप्रिल आहे. परीक्षा देऊन, निकालाची वाट बघत निवांत जाऊ."

"आणि डिसेंबरातच संपलं तर?"

"माझा धंदा मला शिकवू नकोस."

हेमा गप्प बसली. गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं विलासने धरून चाललं. लग्नाला सतरा वर्षं झालेल्या माणसाने असं धरून चालावं, याचं नवल करावं तेवढं थोडं.

आणि आता हे. जहाज वेळेवर आलं. ड्रॉइंग बरोबर निघाली. उन्हाळा नेहमीसारखाच भाजून काढणारा होता, पण प्रॉजेक्ट मॅनेजर नजीबने पहाटेच्या शिफ्ट लावून तोही निभावून नेला. नजीब लेबनीज. आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि जेवायला बोलावून पोट फुटेपर्यंत खाऊ घालणारा. शनिवारच्या मीटिंगमध्ये तो विलासच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "मिस्टर मोघे, तुझी तारीख! इंशाल्ला, तुझ्या तारखेलाच चावी देणार!" सगळे हसत. विलासही हसे, आणि केबिनमध्ये जाऊन आकडे पुन्हा तपासे.

त्याने एकदा चाचपून पाहिलंही. "काम संपल्यावर हिशेब मिटवायला, रिपोर्ट लिहायला माणूस लागेल ना? मी मार्चपर्यंत थांबू शकतो."

नजीबने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. "हबीबी, कुणाला कधी सोडायचं ते तूच आखून दिलंस. तुझं नाव जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. तुझ्या कागदाबाहेर मी जात नाही."

विलास केबिनमध्ये परत आला आणि त्याने ती यादी काढून बघितली. इतरांना वेळेवर घरी पाठवायचं काटेकोर नियोजन करताना त्यात आपलंही नाव आपण घातलं होतं, हे तो साफ विसरला होता. विसरला होता म्हणण्यापेक्षा, ते खरं होईल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. दहावीचं वर्ष, परीक्षेला दोन महिने उरलेले, आणि त्यातच मुलीला शाळेतून उपटून न्यायचं. तिकडे कुठली शाळा घेणार, कुठल्या केंद्रावर बसवणार? वर्ष गेलं तर? आणि हे हेमाला कसं सांगायचं? त्याने ठरवलं, आज नको, उद्या सांगू. ऑक्टोबर संपला तरी तो उद्या उजाडला नाही.

नोव्हेंबरात मात्र देव पावला.

पाइपचं काम होत आलं की त्यात पाणी भरून जबर दाबाने तपासतात. कुठे गळत नाही ना, जोड टिकतात ना, हे बघायला. ते केल्याशिवाय पुढे वाफ सोडता येत नाही. सित्र्याच्या कामावर कारखान्याची दोन युनिटं होती आणि तपासणीचे दोन पंप. त्यातला एक भर कामात बंद पडला. साधासुधा बिघाड नव्हे, आतला भागच फुटला, आणि नवा भाग यायचा युरोपातून. एकाच पंपाने दोन्ही युनिटं एकामागून एक तपासायची तर काम सरळ मार्चअखेरीवर जात होतं.

विलासने ते आकडे मशीनमध्ये घातले आणि पडद्यावर एकतीस मार्च उमटला. त्याला हसू आवरेना. इतक्या वर्षांत एखाद्या उशिराने त्याला इतका आनंद दिला नव्हता. शेवटी पोट खरं निघालं होतं. त्या संध्याकाळी तो घरी जाताना अर्धा किलो हलवा घेऊन गेला, कस्तुरीला बीजगणिताऐवजी जुबैलच्या गमती सांगत बसला आणि जेवताना दोनदा म्हणाला, "काही काळजी करू नका."

"कसली काळजी?" हेमाने विचारलं.

"काही नाही," विलास म्हणाला.

हा आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी सकाळी ताहिर परकार त्याच्या केबिनचं दार ढकलून आत आला.

ताहिर पाइपिंगचा सुपरिटेंडेंट. रत्नागिरीच्या राजिवड्याचा, विलासच्याच वयाचा, पाइपमध्ये हयात गेलेला. दोघं जुबैललाही एकत्र होते. ताहिरची बायको झोहरा आणि मुलगी सुमय्या गावी. तो कंपनीच्या कॅम्पात एकटा. दर शुक्रवारी दुपारी तो गुदैबियाला जेवायला येई आणि हेमाने केलेलं पिठलं मासळीसारखं चवीने खाई. सुमय्याचा निकाह जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ठरला होता, रमजान लागायच्या आत. नवरामुलगा जहाजावर नोकरीला, त्यानंतर लगेच बोटीवर जायचा तो थेट वर्षभराने येणारा. तपासणी संपेपर्यंत ताहिरला सुट्टी मिळणार नव्हती, म्हणून निकाहची तारीख कळवण्याआधी त्याने विलासला विचारलं होतं, आणि विलासने कागद बघून डिसेंबर सांगितलं होतं. पोटातली तारीख सांगायला हवी होती का, असा विचार त्याच्या मनात तेव्हा आलाही होता. पण ताहिर तेवढ्यात खूश होऊन निघून गेला होता.

"विलासभाई, पंप गावला," ताहिर म्हणाला. "पलीकडच्या साइटवर हाय. त्यांचा काम संपलाय, आज सौदीला चाललेला. मी सांगितलंय, दुपारपर्यंत थांबवा. भाडा जबर मागतायत, पण नजीब तुमाला विचारून ठरवील. झाला म्हणून समजा! दोन्ही युनिटां एकदम तपासू. डिसेंबरात खलास."

ताहिरचा चेहरा असा फुलला होता की जणू निकाहच लागला.

"अरे वा," विलास कसाबसा म्हणाला.

मीटिंग लगेचच होती. केबिनपासून मीटिंगच्या खोलीपर्यंत वाळूतून दोन मिनिटांची वाट, पण त्या वाटेत विलासने आपल्या मनाला अशा काही गोष्टी सांगितल्या की त्या त्याला दुसऱ्या कुणी सांगितल्या असत्या, तर त्याने त्या माणसाला मीटिंगमध्ये सोलून काढलं असतं. तीन महिन्यांनी असं काय आभाळ कोसळणार आहे? कुठलं काम उशिरा होत नाही? उशीर झाला म्हणून कुणी मरत नाही. पोरीचं वर्ष मात्र परत येत नाही. आणि मी आजवर कधी काही मागितलंय का?

नजीब घाईत होता. "मोघे, एकच प्रश्न. ताहिरचा पंप घेतला तर डिसेंबर मिळतो का? हो किंवा नाही."

सगळे विलासकडे बघत होते. ताहिर तर हसतच होता. विलासने समोरचे कागद उलटेपालटे केले. खरं उत्तर त्याला पाठ होतं.

"नाही," तो म्हणाला.

विलासला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"पंप आला तरी फरक पडत नाही," तो पुढे म्हणाला, आणि एकदा सुरुवात झाल्यावर ते किती सहज जमतंय हे बघून त्याच्या अंगावर काटा आला. "आता पाइपवर अडलेलं नाही. कंट्रोल रूमच्या केबली अडवतायत. त्या मार्चशिवाय संपत नाहीत. पाइप लवकर तपासून नुसते वाट बघत बसतील."

नजीबने इलेक्ट्रिकलच्या माणसाकडे पाहिलं. आपल्या केबली डिसेंबरच्या मध्यावर संपतात, हे त्या माणसाला चांगलं ठाऊक होतं. पण आपणहून कुणी तीन महिने पदरात टाकत असेल तर नको कोण म्हणेल? त्याने गंभीरपणे मान डोलावली.

"तू म्हणतोस म्हणजे तसंच," नजीब म्हणाला. त्याने एकदाही कागद मागितला नाही, कॉम्प्युटर दाखव म्हणाला नाही. उलटतपासणी होणार असं धरून बसलेल्या विलासला ते फार लागलं. "पंप सोडून द्या. मालकाला मार्च कळवतो. खलास, पुढे चला."

ताहिरचं हसू मात्र एकदम पुसलं गेलं नाही. ते थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि मग त्याला कळलं. मीटिंग सुटल्यावर तो दारात विलाससाठी थांबला. विलासला वाटलं, आता हा विचारणार. ताहिरला केबलींचं सगळं माहीत होतं, रोज केबलींच्याच खंदकांवरून तो उड्या मारत जायचा. विचारलं तर काय सांगायचं, हे विलासने ठरवलं नव्हतं.

"मना वाटला होता पंपावरच अडलाय," ताहिर म्हणाला. "पण तुमी बोललात म्हंजे असणार. तुमाला सगळा दिसता, आमाला आपला पाइप दिसतो." त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून पुन्हा घातलं. "बरा झाला आत्ताच कळला. घरी फोन करतो."

"ताहिर..."

"नाय नाय, तुमी काय करणार? तारीख काय तुमच्या हातात हाय?"

तो गेला. विलास उन्हात उभा राहिला. आपण हे केलं, यावर त्याचाच विश्वास बसत नव्हता. दिवसभर त्याने कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. एकदा तो उठून नजीबच्या केबिनच्या दारापर्यंत गेला. आतून नजीबचा आवाज ऐकू येत होता. तो मालकाच्या माणसाला फोनवर सांगत होता, माझा प्लॅनिंगवाला म्हणतो म्हणजे त्यात बदल नाही. विलास परत फिरला. मग त्याने कस्तुरीचा विचार केला, मार्चच्या सकाळी तिला आपण स्वतः परीक्षेला सोडतोय असं चित्र डोळ्यांसमोर आणलं, आणि त्याला थोडा धीर आला. वाईट केलं, पण घरासाठी केलं, असं त्याने स्वतःला बजावलं. आजवर घरासाठी त्याने पैसे पाठवण्यापलीकडे केलं तरी काय होतं?

कंपनीच्या बसमधून उतरून तो जिना चढला तेव्हा हा धीर बऱ्यापैकी वाढलेला होता. आता हेमाला सगळं सांगायचं, असं त्याने ठरवलं. खोटं बोललो ते नव्हे. ते कशाला? फक्त एवढंच, की मी म्हटलं होतं ना, एप्रिल.

दार हेमाने उघडलं. ती आज खुशीत दिसत होती. गॅसवर भाताचा कुकर होता आणि कस्तुरी जेवणाच्या टेबलावर त्याच्या ऑफिसातल्या जुन्या कागदांच्या पाठीवर गणितं करत बसली होती. रद्द झालेली वेळापत्रकं तो घरी आणायचा, कच्च्या कामासाठी.

"आधी बस," हेमा म्हणाली. "तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"मलाही सांगायचंय."

"माझं आधी. कस्तुरीचं पुण्याचं झालं. आज शाळेतून फोन आला, बोर्डाची मंजुरी आली. दादाच्या घराजवळची ती शाळा आहे ना, आपल्याच बोर्डाची, त्यांनी तिला घेतलंय. परीक्षेचं केंद्र तिथलंच मिळालं. जानेवारीत गेली की सराव परीक्षाही तिथेच देईल."

विलास उभाच होता. "म्हणजे?"

"म्हणजे वर्ष वाचलं! मी सप्टेंबरपासून खटपट करत होते. इथल्या मुख्याध्यापिका फार चांगल्या, त्यांनीच पत्र लिहिलं. मुदत संपायच्या आत सगळं बसलं. आता बदलता येत नाही म्हणाल्या, पण आपल्याला कुठे बदलायचंय? घरमालकालाही सांगून टाकलंय, डिसेंबरअखेर फ्लॅट सोडतो म्हणून. तो दुसऱ्या कुणाला देऊन मोकळासुद्धा झाला."

"ओके ना, बाबा," कस्तुरी मान वर न करता म्हणाली. "आय डोन्ट माइंड. यू विल बी देअर ओन्ली."

विलास खुर्चीवर बसला. कुकरची शिट्टी झाली, हेमाने जाऊन गॅस बारीक केला आणि ती परत आली.

"पण मी म्हटलं होतं ना तुला," तो म्हणाला. "एप्रिल म्हणून. पोटातली..."

"म्हटलं होतंस." हेमा त्याच्या समोर बसली. "आणि मी तेव्हा गप्प बसले, कारण तुझा धंदा तुला माहीत. पण विलास, काम बिघडलं की तू घरी गाणं गुणगुणत येतोस. हो, येतोस. मागे पडलेल्यांना झापायला मिळतं ना. या उन्हाळ्यात तू रोज तोंड पाडून यायला लागलास. मग मी कस्तुरीची गणितं तपासताना कागद उलटून बघायला लागले. दर महिन्याच्या कागदावर एकच तारीख. एकतीस डिसेंबर, एकतीस डिसेंबर. मी म्हटलं, हा माणूस आपल्या पोटाचं ऐकतोय, पण याचा कागद कधी खोटं बोलत नाही. मी त्या कागदावर विश्वास ठेवला."

"मला सांगायचं तरी होतंस!"

"तू वेडी म्हणाला असतास. आणि जमलं नसतं तर उगाच तुझ्या जिवाला घोर. म्हटलं, पक्कं झालं की सांगू." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आता तरी तोंड असं का केलंयस? मला वाटलं, तुझं ओझं उतरेल. तुला हेच खात होतं ना इतके दिवस? तिघांनी मिळून जायचं, एका घरात राहायचं. पहिल्यांदा तू तिच्या परीक्षेला घरी असशील."

विलास उठला. त्याने फोन ओढला आणि कॅम्पाचा नंबर फिरवला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्या खेपेला ताहिर आला.

"ताहिर, तो पंप. तो पंप थांबव."

"पंप?" ताहिर म्हणाला. "तो दुपारीच गेला, विलासभाई. कॉजवेचा पूल ओलांडून सौदीत पोचला पण असंल. का, काय झाला?"

"दुसरा कुठे मिळेल? कुठूनही?"

"मफी, नाय कुठं. सगळ्या साइटा फिरून तो एकच गावलेला. तुमी माझ्यापायी कशाला जिवाला लावून घेताव? मी घरी सांगितला. झोहरा रडली जराशी, मग बोलली, तारीख नको मोडूया, पोरगा वर्षभर येणार नाय. मामूला उभा करू तुमच्या जागी. निकाह होईल, मी नसलो म्हणून काय तो थांबतो? सुमय्याला मीच समजावला. तिला बोललो, विलासचाचांनी हिशेब केलाय, त्यांचा हिशेब चुकत नाय."

विलासला पुढचं काही ऐकू आलं नाही. त्याने फोन ठेवला तो नीट बसलाच नाही, आतून बारीक आवाज येत राहिला. हेमाने उठून तो नीट ठेवला.

"काय झालं, विलास?"

"काम लांबलं," तो म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याला छाती झाली नाही. "आज ठरलं."

हेमाचा चेहरा हळूहळू उतरत गेला, पण ती रडली नाही, ओरडली नाही. आखातातल्या माणसाशी सतरा वर्षं संसार केलेली बाई होती ती. ज्या गोष्टी हलत नाहीत त्यांना धडका मारत बसायची तिला सवय नव्हती. "म्हणजे आम्ही दोघी जायचं," ती म्हणाली. "आणि तू इथे कॅम्पात."

कस्तुरीने पेन्सिल खाली ठेवली. इतका वेळ इंग्रजीत बोलणारी ती पोरगी एकदम मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही परीक्षेला नसणार?"

ज्या एका गोष्टीसाठी विलासने आज जन्मात पहिल्यांदा तारीख फिरवली होती, तीच त्याने स्वतःच्या हाताने घालवली होती, आणि जाता जाता एका बापाला मुलीच्या निकाहातून उठवलं होतं. एक शब्द खोटा बोलला नसता तर सगळं जागच्या जागी होतं.

हेमा भिंतीजवळ गेली. खालच्या मल्याळी दुकानदाराने दिलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर तिने कालच टांगलं होतं. तिने कस्तुरीसमोरची पेन्सिल उचलली आणि पानं उलटत विचारलं, "मग कधी येशील? मला लिहून ठेवू दे."

विलास टेबलावरचे कागद सारखे करत राहिला.

"पोटातली नको सांगूस," ती म्हणाली. "तुझी कागदावरची सांग. ती खरी असते."